मुशीचा वाटा

कणवाचक कधी खोटं बोलत नसे, आणि हेच त्याच्यातलं सगळ्यात वाईट होतं.

रेतीटोला या नदीकाठच्या वस्तीत शाळेपुढं मांडव घातला होता. मांडवात पिठाच्या गिरणीएवढं ते यंत्र, यंत्रापुढं खुर्ची, आणि खुर्चीत टोल्याचीच पोर, झरना. अंगात कंपनीचा निळा कोट, कोटाच्या खिशावर शिवलेली अक्षरं: महिला व युवक सक्षमीकरण उपक्रम. समोर बायांची रांग लागली होती, थेट भुरकी नदीच्या उतारापर्यंत. प्रत्येकीच्या गळ्यात काळा दोरा, आणि दोऱ्यात ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढा एकच सोन्याचा मणी.

"नाव सांगा," झरना म्हणाली.

"ऐका बाप्पा!" रांगेतली पहिली बाई मागं वळून ओरडली. "लहानपणी माह्या मांडीवर मुतली ही पोट्टी, अन् आता मलेच नाव इचारते!"

रांग खदखदून हसली. झरनाही हसली. सकाळ होती तोवर सगळ्याच हसत होत्या, कारण झरनानंच घरोघरी जाऊन सांगितलं होतं, की मणी घेऊन या, यंत्र खरं तेच सांगते, ही नदी आपली आहे हे आता कंपनीलाही कबूल करावं लागेल.

पहिला मणी यंत्राच्या तोंडात गेला. आत निळी ठिणगी चमकली. मग यंत्र एखाद्या रेल्वे स्टेशनावरल्या बाईच्या आवाजात बोललं.

"उगम, भुरकी नदी, मधला भाग. शेवटचं वितळण, एकोणीस वर्षांपूर्वी. पारंपरिक हक्क सिद्ध होत नाही. मालक, पट्टाधारक कंपनी."

हसू तिथंच थांबलं. झरनाच्या मागं उभ्या असलेल्या कस्तुरे मॅडमनी पुढं होऊन मणी पाकिटात घातला आणि वर कंपनीचं सील दाबलं. दुसरा मणी, तिसरा मणी. आवाज तोच, शेवटचं वाक्य तेच. बाया रांग सोडून जायला लागल्या, तर मांडवाच्या तोंडाशी पहारेकरी उभे होते. ज्याच्या अंगावर नदीचं सोनं, त्याची नोंद होणारच, तसा कायदाच होता.

दुपार कलताना रांगेतून फुलवंता पुढं आली. झरनाची आई.

"नाव," झरना म्हणाली.

"विसरली का?"

"नियम आहे, माय."

"मंग लिव्ह. फुलवंता. तुही माय." तिनं गळ्यातला दोरा काढला आणि मणी मुलीच्या तळहातावर ठेवला. मणी अंगाच्या उबेनं गरम होता.

ठिणगी चमकली. यंत्र बोललं. उगम, भुरकी नदी. शेवटचं वितळण, पंचवीस वर्षांपूर्वी. मालक, पट्टाधारक कंपनी.

"झरना, पाकीट," कस्तुरे मॅडम हलकेच म्हणाल्या. त्या काही दुष्ट बाई नव्हत्या. त्यांनाही ते नकोसं झालं असावं, पण त्यांचा आवाज हलका होता, हात हलका नव्हता.

झरनानं आईचा मणी आपल्या हातानं पाकिटात घातला. सील दाबलं. मांडवातून निघताना फुलवंताचा हात गळ्याकडं गेला, तिथं काही सापडलं नाही, म्हणून तो हात तिथंच थोडा वेळ भांबावल्यासारखा राहिला.

*

उगम कायदा मुळात वाईट हेतूनं आला नव्हता. जगभर चोरीच्या सोन्याचा सुळसुळाट झाला होता. कुठं लेकरांकडून खाणी खोदून घेत, कुठं रेतीत पारा ओतून नद्या मारत. म्हणून ठरलं, की सोन्याच्या कणाकणाचा जन्म कुठला, हे सांगता आलं पाहिजे.

ते सांगता येतं. कुठल्याच नदीचं सोनं निव्वळ सोनं नसतं. त्यात चांदी असते, तांबं असतं, शिशाचा आणि पॅलेडियमचा लवलेश असतो, आणि त्यांचं प्रमाण प्रत्येक डोंगराचं वेगळं, जशी घराघरातल्या आमटीची चव वेगळी. कणवाचक सोन्यातून डोळ्यालाही न दिसणारा ठिपका उडवून ती चव ओळखायचा.

त्याला दुसरंही एक कळायचं. सोन्यात किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अगदी मोजके अणू असतात. ते सावकाश फुटत राहतात, आणि फुटताना हेलियम वायूचे अणू सोडतात. सोनं हा वायू घट्ट धरून ठेवतं, पण वितळलं, की तो सगळा निसटून जातो. थंड झाल्यावर पुन्हा एकेक अणू साठायला लागतो. म्हणजे वितळलेल्या प्रत्येक दागिन्यात एक घड्याळ असतं, आणि ते वितळवायच्या मुशीतून बाहेर पडल्या क्षणी सुरू होतं. पूर्वी इतके थोडे अणू कुणाला मोजता येत नव्हते. आता येऊ लागले.

कायद्यानं एक दार उघडं ठेवलं होतं. ज्यांच्या हाती एखाद्या नदीचं सोनं तीन पिढ्यांपासून असल्याचं दिसेल, त्यांचा त्या नदीवर हक्क. बाकी सगळं, पाण्यातलं आणि गळ्यातलंसुद्धा, पट्टा ज्याचा त्याचं. भुरकीचा पट्टा, म्हणजे तिच्यातलं सोनं काढायचा सरकारी परवाना, कंपनीनं घेतला होता. पावसाळा सरला की रेती उपसणारी जहाजं येणार होती, आणि टोला उठवून तालुक्याच्या गावाबाहेरच्या चाळीत नेला जाणार होता. तिथं बायांना शिवणयंत्रं मिळणार होती, पोरांना हेल्मेटं. झरनाला मिळाली होती ही नोकरी.

रेतीटोल्याच्या बाया तीन पिढ्या काय, नदीला वळण पडलं तेव्हापासून रेती धूत होत्या. लाकडी पाटीत रेती घ्यायची, पाण्याखाली गोल गोल हलवायची, हलकी रेती वाहून जाते, तळाशी काळी रेती उरते आणि त्या काळ्यात एखादा पिवळा कण डोळा उघडतो. हाती आलेलं सोनं सोनाराकडं जायचं आणि गावोगावच्या गळ्यांत विरून जायचं. टोल्यात उरायचा तो फक्त बायांच्या गळ्यातला एकेक मायमणी.

आणि मायमणी तर दर लग्नात वितळायचा. लेकीचं लग्न ठरलं, की तिनं आपल्या हातानं धुतलेला पहिला कण आणायचा, आईचा मणी त्याच्यासोबत मातीच्या छोट्या मुशीत टाकायचा, आणि दोन्हीचा एक नवा मणी करायचा. लेकी जास्त असल्या तर आईच्या मण्याचे तितके वाटे. लेक नसली, तर बाई मेल्यावर तिचा मणी नदीला परत. अशी आई लेकीत, आजी आईत, पणजी आजीत मिसळत आलेली. म्हणून रेतीटोल्यात जुना मणी एकही नव्हता. सगळ्यात जुनं सोनं सगळ्यात तरुण दिसायचं.

हे सगळं झरनाला ठाऊक होतं. वितळलं की घड्याळ शून्यावर जातं, हे तर तिनं प्रशिक्षणात पाठ केलं होतं. पण दोन्ही गोष्टी तिच्या डोक्यात शेजारी शेजारी कधी बसल्याच नाहीत. यंत्रासमोर असायचं ते सोनं, आणि आईच्या गळ्यात असायची ती आई.

*

टोल्यात झरनाशी कुणी बोलेना. पाण्यावर गेली की बाया पाट्या उचलून खालच्या अंगाला सरकत. घरी फुलवंता ताट वाढायची आणि भिंतीकडं तोंड करून बसायची.

चौथ्या दिवशी खेमेश आला. नदीच्या खालच्या अंगाच्या टोल्यातला, पाण्याचे पंप दुरुस्त करणारा, झरनाशी लग्न ठरलेला. दारातच उभा राहिला, कारण आत बोलावलं नव्हतं.

"आई म्हणते, मण्याशिवाय सून घरात घ्यायची कशी?" तो खाली बघत म्हणाला. "मी म्हटलं, मी हाय ना मण्यासारखा. तं चप्पल फेकली तिनं."

झरनाला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू.

तेवढ्यात भिंतीकडून फुलवंताचा आवाज आला. चार दिवसांत पहिला. "खरं तेच म्हणते तुही आई. मणी नाई तं मूस कायची पेटवायची? मूस नाई तं फोडायचं काय? सून घरात येते अन् तिच्या उंबरठ्याखाली तिच्या मुशीचं एक खापर नाई! परकीच की मंग ती. पाहुणी." तिनं भिंतीवर हात आपटला. "माही पोट्टी पाहुणी म्हणून जाईल."

झरनानं डोळे पुसले. पुसता पुसता तिचा हात थांबला.

"माय, मूस फोडल्यावर ते खापर तसंच पुरते?"

"तसंच. सासरच्या उंबरठ्याखाली. तुले मायीत नाई का?"

"त्याच्या आत सोनं चिकटून राहते. ते खरवडत नाईत?"

फुलवंता पहिल्यांदा तिच्याकडं वळली. कोणी देवळात थुंकू का म्हणून विचारलं असावं, तशी बघत होती. "मुशीचा वाटा मुशीले. त्याले नख नाई लावायचं. गाण्यातच आहे ना."

गाणं झरनाला येत होतं. टोल्यातल्या प्रत्येकीला यायचं. मणी ओतताना बाया म्हणायच्या:

नदीचा वाटा नदीले,
मुशीचा वाटा मुशीले,
उरला कण बाई एवढुसा,
तो माह्या लाडक्या लेकीले.

झरना उठली. दाराशी आली आणि उंबरठ्याकडं बघत उभी राहिली. जुनं सागाचं लाकूड, बायांच्या पायांनी मधोमध झिजून खोलगट झालेलं. त्याच्याखाली तिच्या आईची मूस होती. तिच्याखाली आजीची, त्याखाली पणजीची. एकेक सून या घरात आली होती आणि आपलं खापर खाली ठेवून मगच तिनं पाय आत टाकला होता. प्रत्येक खापराला चिकटलेला सोन्याचा थेंब एकदाच वितळला होता. एकदाच. मग त्याला कुणी हात लावला नव्हता.

"माय," ती म्हणाली, "मण्याचं घड्याळ पुसलं जाते. मुशीचं नाई."

फुलवंताला घड्याळाचं कळलं नाही. पण पोरगी कुठं बघते आहे ते कळलं, आणि ती ताडकन उठून दोन्ही हात पसरून दारात उभी राहिली.

"उंबरठा उकरणार? माह्या सासूची मूस वर काढणार? घर उलथंपालथं होते त्यानं! एक मणी नेला तुह्या यंत्रानं, आता घराच्या पोटात हात घालायले निघाली?"

"घर तसंही उठवणारच आहेत, माय. जहाजं आली की—"

"तं उठवू दे त्यायले! आपल्या हातानं काऊन? आपण कोण आहो, हे त्या डबड्याले इचारायचं?"

खेमेश दाराबाहेर, फुलवंता दारात, झरना आत. मध्ये उंबरठा.

*

टोल्यातल्या सगळ्या मुशी पेटवायची ती बुधिया. नव्वदीला टेकलेली, एका डोळ्यानं अधू. तरुणपणी व्यापाऱ्यांनी पारा आणून दिला होता, सोनं लवकर जमतं म्हणून. तो चुलीवर जाळता जाळता तिचे हात कायमचे थरथरायला लागले. पुढं तिनंच पाऱ्याची बाटली व्यापाऱ्याच्या अंगावर भिरकावली आणि टोल्यात पारा बंद केला. हात अजून थरथरायचे, पण फुंकणी तोंडाला लागली की थांबायचे.

झरना तिच्यापुढं जाऊन बसली आणि सगळं सांगितलं. बुधियानं मधेच विचारलं, "म्हंजे त्या यंत्राले मुशीतला वारा मोजता येते?"

"तसंच समज, आजी."

"अन् वारा चुकत नाई?"

"चुकत नाई. पण थेंब फार लहान असला तं वाचता येत नाई. अन् मले आता यंत्राजवळ जाऊ देत नाईत, हितसंबंध आहे म्हणतात. त्याच्यानं आधी वाचून पायता येणार नाई. तालुक्याले हक्काची सुनावणी आहे, सरळ तिथंच ठेवावं लागेल. नाई वाचलं, तं उंबरठेही गेले अन् नदीही."

बुधिया काठी टेकून उठली आणि टोल्याच्या मधोमध, हापशीपाशी जाऊन उभी राहिली. बाया पाणी भरायला आल्या होत्या.

"ऐका वं!" ती म्हणाली. "ज्या मुशी तुमच्या उंबरठ्याखाली हायत, त्यातल्या लय मुशी म्या फुंकल्या. त्याच्या आधीच्या माह्या आईनं. पुरल्या तवा आम्ही काय म्हटलं? की या घरात ही बाई राहणार. हेच ना? आता कोणी म्हणून रायलं, की नाई, ही बाई इथं राहतच नव्हती. तं मूस वर येऊन सांगणार नाई तं कोण सांगणार?"

"पण बुधिया आजी, पाप—"

"पाप माह्या डोक्यावर टाका. तसंही ते लवकरच जळणार हाय."

कुणी हसलं नाही, पण कुणी गेलंही नाही. बाया एकमेकींकडं बघत राहिल्या. घागरी भरून वाहायला लागल्या.

मग लोखंड दगडावर आपटल्याचा आवाज आला. सगळ्यांनी वळून बघितलं. फुलवंता आपल्या घराच्या दारात उभी होती, पदर खोचून, दोन्ही हातांत जमीन उकरायची लोखंडी सब्बल. तिनं आधी उंबरठ्याला हात लावून कपाळाला लावला. मग म्हणाली, इतक्या मोठ्यानं की खालच्या टोल्यातही ऐकू जावं: "सासूबाई, उठा. साहेब आलेत. इचारतात, तुम्ही कोण म्हणून."

आणि सब्बल घातली.

*

सुनावणी तालुक्याला झाली. अधिकाऱ्यांचं नाव भोयर. टेबलावर पंख्यानं उडणारे कागद पेपरवेटांखाली दाबत बसलेले, दमलेले गृहस्थ. एका बाजूला कंपनीचे वकील, तरुण, टापटिपीचे. यंत्रावर कस्तुरे मॅडम. झरना मागं, बायांमध्ये, जमिनीवर. निळा कोट अजून अंगात होता, कारण पहाटे निघताना हवेत गारवा होता.

फुलवंतानं पदराची गाठ सोडली. टेबलावर चार खापरं ठेवली, अंड्याच्या कवचाएवढी, आतून काळी, वरून लाल. मातीचा वास दालनभर पसरला.

"हे काय?" वकिलांनी विचारलं.

"घर," फुलवंता म्हणाली.

कस्तुरे मॅडमनी पहिलं खापर यंत्रात ठेवलं. ठिणगी. "उगम, भुरकी नदी, मधला भाग. शेवटचं वितळण, पंचवीस वर्षांपूर्वी." ती फुलवंताची मूस. एक पिढी. वकिलांनी मान डोलावली, एवढं तर त्यांना मान्यच होतं.

दुसरं खापर, फुलवंताच्या सासूचं. ठिणगी. यंत्र गप्प राहिलं. मग, "नमुना अपुरा."

फुलवंतानं मागं वळून पाहिलं नाही, पण तिची मान ताठ झाली.

"पुन्हा," भोयर म्हणाले.

"नमुना अपुरा."

"साहेब," वकील उठले, "यंत्राला जे दिसतच नाही—"

"अजून दोन हायत ना?" बुधिया मागून म्हणाली. "का तुमाले जेवायची घाई हाय?"

तिसरं खापर. कस्तुरे मॅडमनी ते हातात फिरवलं, डोळ्याजवळ नेलं. त्यांनी घाईनं ठेवून दिलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण त्यांनी खिशातून छोटा ब्रश काढला, काठाची माती झाडली, खापर थोडं वळवलं, आणि मग ठेवलं.

ठिणगी.

"उगम, भुरकी नदी, मधला भाग. शेवटचं वितळण, एकोणऐंशी वर्षांपूर्वी."

कुणी श्वास सोडल्याचा आवाज झाला. तो खेमेशचा होता.

चौथं खापर. सगळ्यात खालचं, सगळ्यात लहान. यंत्र फार वेळ घेत होतं. पंख्याखाली एक कागद सुटून उडाला, तो कुणी उचलला नाही.

"उगम, भुरकी नदी, मधला भाग. शेवटचं वितळण," यंत्र म्हणालं, आणि त्या कोरड्या आवाजातही बायांना काहीतरी ऐकू आलं, "एकशे सात वर्षांपूर्वी."

वकील शांत होते. अशा प्रसंगासाठीच त्यांना पगार मिळत होता. "साहेब, खापर जुनं आहे, कबूल. नदीकाठी जुनी खापरं सापडतात. कुणी चार गोळा केली आणि आपल्या दाराखाली पुरली, तर ती त्यांची होतात का? ही मूस या बाईंच्या घरचीच, याला पुरावा काय?"

दालनात कुजबुज झाली. झरना उभी राहिली. बोलायची परवानगी तिनं मागितली नाही.

"पुरावा तुमच्याकडं आहे," ती म्हणाली.

"माझ्याकडं?"

"तुमच्या पेटीत. माझ्या आईचा मणी. मीच पाकिटात घातला, तुमचंच सील लावलं, ते अजून तुटलेलं नाही. तो मणी आणि हे वरचं खापर, दोन्ही एकाच मुशीतले असतील, तर दोन्हीतलं चांदीचं, तांब्याचं, शिशाचं प्रमाण तंतोतंत सारखं निघेल. कारण त्या मुशीत माझ्या आईच्या आईचा मणी होता आणि आईचा पहिला कण. असं मिश्रण जगात दुसरं नाही. मॅडम, वाचा ना. यंत्र खोटं बोलत नाही, असं तुम्हीच शिकवलं मला."

भोयर साहेबांनी हात केला. पेटी आणली गेली. कस्तुरे मॅडमनी सील सगळ्यांना दाखवलं, मग तोडलं. मणी यंत्रात गेला, त्याच्याशेजारी खापर. पडद्यावर दोन रेषा उमटल्या, नागमोडी, डोंगरांच्या रांगेसारख्या. मॅडमनी एक रेष सरकवून दुसरीवर ठेवली. दोन रेषा होत्या हे मग सांगूनही कुणाला पटलं नसतं.

या वेळी यंत्राच्या आधी कस्तुरे मॅडमच बोलल्या. "एकाच मुशीतलं आहे, साहेब."

"मग फार तर एका घराचा हक्क झाला," वकील म्हणाले. "अख्ख्या टोल्याचा नव्हे."

त्यावर बुधियानं काठी जमिनीवर आपटली. मागच्या बाया उठल्या. एकेकीनं पदर सोडला, ओचा सोडला, कुणी डब्याचं झाकण काढलं. माती सांडली, खापरं खणखणली. अख्ख्या टोल्याचे उंबरठे त्या दालनात येऊन बसले होते. खालच्या टोल्यातून आलेल्या खेमेशच्या आईनं आपली पुरचुंडी टेबलावर आदळली आणि वकिलांना म्हणाली, "वाच. माही पण वाच. माह्या सासूची पण. तिले कोणी इचारलं नाई कधी, ती खुश होईन."

भोयर साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग शिपायाला सांगितलं, सगळ्यांसाठी चहा सांग, आज उशीर होणार आहे.

*

निकालात सगळं मिळालं नाही. कंपनी वरच्या न्यायालयात गेली, आणि तिथली वाट लांबची असते. पण निकाल लागेतो जहाजं भुरकीत उतरणार नव्हती, टोला हलणार नव्हता, आणि मणी ज्याचे त्याला परत. यंत्रातल्या मालकाच्या रकान्यात कंपनीचं नाव आपोआप उमटायचं, ते बंद करून तो रकाना कोरा ठेवायचा आदेश निघाला. तो बदल कस्तुरे मॅडमनी स्वतः केला.

झरनानं नोकरी सोडली. कोट मात्र परत केला नाही. खिशावरची अक्षरं उसवून टाकली. "चांगला गरम आहे," ती म्हणाली, "थंडीत पाण्यात उभं राहायले कामाचा."

लग्न थंडीतच झालं. खालच्या टोल्यात खेमेशच्या दारात बुधियानं बसकण मारली, मातीची नवी मूस निखाऱ्यांत बसवली, फुंकणी तोंडाला लावली. हात थांबले. फुलवंतानं गळ्यातला मणी काढला आणि मुशीत सोडला. झरनानं आपला पहिला कण सोडला. बायांनी गाणं धरलं, नदीचा वाटा नदीले. मुशीत आधी काहीच होईना, मग सोन्याच्या कडा मऊ झाल्या, आणि बघता बघता आई कुठं संपली आणि लेक कुठं सुरू झाली ते कळेनासं झालं. कित्येक पिढ्यांचं जुनं ते सगळं क्षणात आजचं झालं.

मणी ओतला. मूस निवली. आता ती फोडायची, आणि उघड्या उंबरठ्याखाली, परत आणून रचलेल्या जुन्या खापरांवर ठेवायची.

"थांब," बुधिया म्हणाली.

तिनं कमरेची पिशवी उघडली. थरथरत्या बोटांनी चिमटीत काहीतरी धरलं, मुशीत टाकलं आणि पुन्हा फुंकणी मारली. बाया वाकून बघायला लागल्या. सोन्याचा कण होता. चांगला तिळाएवढा.

"आजी, हे काय?" झरना म्हणाली. "मुशीचा वाटा तर चिकटलाय की आधीच."

"तुह्या मायच्या सासूची मूस यंत्राले वाचता आली नाई, आठवते?" बुधियानं मूस निखाऱ्यातून काढली, फुंकर घालून निववली आणि उंबरठ्याच्या दगडावर आपटली. खापर फुटलं. आत पिवळा ठिपका लख्ख उठून दिसत होता, आंधळ्यालाही दिसावा असा. तिनं तो झरनाच्या हातात दिला.

"कंजुषी कायले करायची? पुन्हा कोणी येईलच इचारायले, तुम्ही कोण म्हणून." तिनं झरनाला उंबरठ्याकडं ढकललं. "खाली ठेव. अन् तुह्या पोट्टीले सांगून ठेव, कुठं हाय ते."